चौल: घोडे, खुंट आणि मागे राहिलेली भाषा

इयरफोन नीट लावा, आज आपण फार लांब जाणार नाही. मुंबईकर शनिवार-रविवारी ज्या रस्त्याने काशीद-मुरूडला पळतात ना, त्याच रस्त्यावर थांबणार आहोत. अलिबागहून दक्षिणेला निघालात की १७-१८ किलोमीटरवर नारळ-सुपारीच्या दाट वाड्या लागतात, रस्ता अरुंद होतो, आणि मग तो चक्क एका जुन्या किल्ल्याच्या तटबंदीतून आत शिरतो. बहुतेक जण तिथे फक्त हॉर्न वाजवतात. तो रेवदंड्याचा किल्ला. त्याच्या अलीकडे, वाड्यांमध्ये लपलेलं गाव म्हणजे चौल. आणि पुढे खाडीवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो, तो कोर्लई. ही तीन नावं लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट ह्या तिघांमध्येच घडते. मधून वाहते ती कुंडलिका नदी. रोह्याहून येते आणि इथे समुद्राला मिळते.

आज चौलला गेलात तर बंदर कुठे होतं हे विचारत फिरावं लागेल. पण मुंबई ही सात बेटं आणि चार कोळीवाडे होती, तेव्हा चौल हे जगाच्या नकाशावरचं नाव होतं. तेही दीड हजार वर्षं! पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत (पेरिप्लस म्हणतात तिला) ते सेमुल्ला आहे. टॉलेमीच्या भूगोलात सिमुल्ला. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत चेमुल. अरब त्याला सैमूर म्हणत. आपल्या जुन्या कागदांत चेऊल. नाव प्रत्येकाच्या जिभेप्रमाणे वाकलं, पण मोडलं नाही.

आता चौलचा इतिहास म्हटलं की साधारण एक यादी वाचायला मिळते. शिलाहार, यादव, बहमनी, निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. कोणी घेतलं, कोणी सोडलं. परीक्षेला बरी आहे. पण बंदर म्हणजे राजा नव्हे हो. बंदर म्हणजे तिथे उतरलेली माणसं, आणि त्यातली किती परत गेली, किती राहिली. आज आपण ह्याच बाजूने बघू.

सुरुवात करू साधारण ९१६ सालापासून. अल-मसूदी नावाचा बगदादचा एक प्रवासी-इतिहासकार सैमूरला आला. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती आणि त्याच्यावर राष्ट्रकूट. मसूदीने लिहून ठेवलंय की ह्या एका शहरात सुमारे १०,००० मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले व्यापारी. पण त्यात एक वेगळा गट होता, त्याला तो 'बयासिरा' म्हणतो. म्हणजे इथेच जन्मलेले, इथल्या मातीत वाढलेले. विचार करा, हजार वर्षांपूर्वीच आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी इथे एवढी होती की तिला स्वतंत्र शब्द लागला.

आणि ह्या लोकांचे आपसांतले तंटे कोण सोडवायचं? राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. राजा हिंदू, प्रजेतला एक मोठा गट मुसलमान, आणि त्यांच्या व्यवहाराचा निवाडा त्यांच्याच माणसाकडे. हे काही आदर्श राज्य वगैरे म्हणून सांगत नाहीये. साधा हिशोब होता. परक्या व्यापाऱ्याला इथे आपला माल आणि आपला जीव सुरक्षित वाटला नाही, तर तो पुढच्या बंदरात जाईल, आणि जकात त्याच्याबरोबर जाईल. कोकण किनाऱ्यावर बंदरांची काही कमी नव्हती.

ह्या व्यापारात सगळ्यात महागडी, सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात त्रासदायक वस्तू कोणती होती? घोडा. दख्खनच्या हवेत चांगल्या जातीचे घोडे निपजत नसत, आणि दख्खनच्या प्रत्येक सुलतानाला ते हवे असत. मग अरबस्तान आणि इराणकडचे घोडे होर्मुझच्या बंदरातून जहाजात भरायचे, महिना-दीड महिना समुद्रावर जगवायचे, आणि चौलला किंवा दाभोळला उतरवायचे. तिथून घाट चढून जुन्नर, पुढे बीदर.

असाच एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास एक रशियन माणूस चौलला उतरला. अफनासी निकितीन, त्वेर शहरातला व्यापारी. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, बरं का! आणि ह्याच्यामागे ना राजा होता, ना आरमार. वाटेत व्होल्गा नदीवर त्याचा माल लुटला गेला होता. कर्ज होतं. रिकाम्या हाताने घरी परतायची लाज. म्हणून तो पुढे पुढेच जात राहिला, इराण ओलांडून होर्मुझ, आणि होर्मुझहून घोड्यासकट चौल. त्याच्या वहीत चौलचं नाव 'च्यूविल' आहे.

चौलबद्दल त्याने पहिल्यांदा काय टिपलं? किल्ला नाही, देऊळ नाही. माणसं. इथले लोक उघडे फिरतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एक वेणी घालतात. आणि मी जिथे जातो तिथे माझ्यामागे गर्दी, गोऱ्या माणसाचं सगळ्यांना नवल. म्हणजे तो आपल्याला बघत होता आणि आपण त्याला!

घोडा जुन्नरपर्यंत नेईस्तोवर त्याचे शंभर रूबल खर्च झाले. आणि जुन्नरला काय झालं, तर तिथल्या खानाने घोडा जप्त केला. हा मुसलमान नाही, रशियन आहे हे कळल्यावर खानाने अट घातली. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडाही गेला आणि तुझ्याकडून हजार मोहरा दंडही. विचार करायला चार दिवस. निकितीनची पाचावर धारण बसली. शेवटी खुरासानचा खोजा मोहम्मद नावाचा एक जण तिथे आला, निकितीनने त्याच्या पायाशी गाऱ्हाणं घातलं, आणि ह्या माणसाने खानाकडे जाऊन त्याचा धर्मही वाचवला आणि घोडाही सोडवून आणला. परक्या देशात एका परक्याला दुसऱ्या परक्याने वाचवलं.

पुढे तो घोडा बीदरला विकला गेला. पण त्याआधी वर्षभर पोसावा लागला, आणि इथे निकितीनच्या वहीतली माझी सगळ्यात आवडती नोंद येते. तो लिहितो की ह्या देशात घोड्यांना हरभरे देतात, आणि साखर-लोणी घालून खिचडी शिजवून चारतात. खिचडी हाच शब्द आहे, रशियन लिपीत. आपण आजारी पडल्यावर जे खातो ते दख्खनचे घोडे साखर-लोण्यासह खात होते!

निकितीन परत निघाला दाभोळहून. घरी मात्र पोहोचला नाही, स्मोलेन्स्कच्या जवळपास वारला. वही तेवढी पोहोचली. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला, भारत आणि सोव्हिएत रशियाने मिळून, नर्गिस होती त्यात. रेवदंड्यात त्याच्या नावाचा एक स्मारकस्तंभही आहे. पुढच्या वेळी काशीदला जाताना पाच मिनिटं काढून बघा.

आता चाळीस वर्षं पुढे या. मार्च १५०८. पोर्तुगीज भारतात येऊन दहा वर्षं झालीत आणि त्यांना समुद्रावरचा सगळा व्यापार आपल्या परवान्याने चालवायचाय. त्यामुळे ज्याचं पोट जळतंय तो इजिप्तचा मामलुक सुलतान, कारण मिरी तांबड्या समुद्रातून गेली तर जकात त्याला, आफ्रिकेला वळसा घालून गेली तर शून्य. त्याने थेट कैरोहून आरमार पाठवलं, अमीर हुसेन हा सेनापती. दीवचा सुभेदार मलिक अयाज त्याला येऊन मिळाला. आणि हे सगळे येऊन धडकले कुठे, तर चौलच्या खाडीत.

खाडीत पोर्तुगीज जहाजं उभी होती, कोचीनहून व्यापारी जहाजांना सोबत करत आलेली. त्यांचा प्रमुख लोरेन्सो द आल्मेदा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा. लांबून शिडं दिसली तेव्हा ह्यांना वाटलं, आपलाच आल्बुकर्क आला असेल. झेंडे ओळखू येईपर्यंत उशीर झाला होता.

लढाई दोन-तीन दिवस चालली. शेवटी पोर्तुगीजांनी खाडीतून बाहेर निसटायचं ठरवलं. इथे, मंडळी, जरा थांबा. लोरेन्सोच्या जहाजाला तोफेचा गोळा लागला, पाणी आत यायला लागलं, आणि ओहोटीच्या ओढीत ते भरकटत जाऊन अडकलं. कशात? खाडीत मासेमारीसाठी ठोकलेल्या लाकडी खुंटांमध्ये! कोकणातल्या कुठल्याही खाडीत असे खुंट आजही दिसतात. वाहत्या पाण्यात जाळं ताणून धरायचं तर तळात खुंट ठोकावेच लागतात. युरोपातलं सर्वांत आधुनिक जहाज, त्याच्यावर तोफा, पुढे उघडा समुद्र, आणि ते अडकलं कोळ्यांच्या खुंटांत.

बाकीची जहाजं निघून गेली. लोरेन्सोला उतरून पळायची संधी होती, तो उतरला नाही. गोळ्याने पाय मोडला तेव्हा त्याने स्वतःला डोलकाठीशी बसवायला लावलं आणि तिथून हुकूम देत राहिला. दुसरा गोळा छातीवर आला. मलिक अयाजने पकडलेल्या कैद्यांना नीट वागवलं, व्हाइसरॉयला पत्र लिहून मुलाच्या शौर्याची तारीफही केली. बापावर त्याचा काही परिणाम झाला नाही. बदला घ्यायला निघताना वाटेत त्याने दाभोळ जाळलं, ज्याचा ह्या लढाईशी संबंध नव्हता, आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवसमोर ते आरमार बुडवलं. पाठ्यपुस्तकात दीवची लढाई असते. चौलची नसते, कारण ती पोर्तुगीज हरले होते. खुंट ठोकणाऱ्याचं नाव तर कुठल्याच पुस्तकात नाही.

पुढची सव्वादोनशे वर्षं मी जरा पळवतो. १५२१ मध्ये निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला कोठी बांधू दिली, त्याचा बघता बघता किल्ला झाला. म्हणजे आता दोन चौल झाली. आतलं जुनं निजामशाही चौल, आणि समुद्राकाठचं पोर्तुगीज चौल. एकमेकांकडे संशयाने बघत आणि एकमेकांशी धंदा करत. चौलचं रेशमी कापड लांबलांब जायचं. १५७१ मध्ये निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला, तो फसला. मग समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाही किल्ला उभा राहिला, तोफा थेट रेवदंड्यावर रोखलेल्या. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तोही घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा घातला. आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर पोर्तुगीजांचा उत्तरेतला खेळ संपलाच. १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

पण खरं सांगायचं तर तोपर्यंत शहर आतून रिकामं झालेलं होतं. लढायांनी नाही. बंदर जगतं ते मागच्या रस्त्यावर. चौलचा माल घाटावर अहमदनगरच्या राज्यात जायचा, १६३६ मध्ये ते राज्यच संपलं. नदी गाळ आणत होती, जहाजं मोठी होत होती. आणि उत्तरेला एक नवं बंदर माणसं शोधत होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत विणकर हवे होते. चौलचे विणकर तिकडे जायला लागले, तर कंपनीने त्यांच्यासाठी घरांची एक आख्खी गल्ली बांधायला घेतली. कळलं ना? मुंबईने चौल लढून जिंकलं नाही. घर देतो, या, एवढंच म्हटलं.

चौलची माणसं अशी गेली, आणि नाव घेऊन गेली. आपल्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये चेऊलकर हे आडनाव आहे. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं शनिवार तेली. मराठी बोलत बोलत ते मुंबईला आले, तिथून बरेच इस्रायलला गेले. तिथे आजही कोणाच्या दारावर ह्या बुजलेल्या बंदराचं नाव असेल.

हे झाले गेलेले. आता राहिलेल्यांकडे येऊ. त्यांच्यासाठीच आजचा भाग केलाय.

१७४० मध्ये पोर्तुगीज गेले म्हणजे कोण गेले? अधिकारी, सैनिक, पैसेवाले, बरेचसे पाद्री. गरीब ख्रिस्ती गेले नाहीत. दोनशे वर्षांत इथल्याच बायका-पुरुषांनी धर्म बदलला होता, सैनिकांशी लग्नं झाली होती, नोकर-चाकर होते, शेतकरी होते. त्यांना लिस्बन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना जायचं होतं कुठे? ते कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहिले. आणि तिथे ते आजही आहेत. एक छोटी वस्ती, माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च, आणि घरात एक भाषा जी जगात दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही.

ते तिला 'नो लिंग' म्हणतात. हसू नका! नो म्हणजे आमची, लिंग म्हणजे पोर्तुगीज लिंग्वा, जीभ, भाषा. 'आमची भाषा', बस. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजचे. पण गंमत आहे ती वाक्याच्या बांधणीत. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं, मी पाहिलं घर. कोर्लईत ते हळूहळू सरकत सरकत शेवटी गेलं, मी घर पाहिलं. का? कारण शेजारी सगळे मराठी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने ह्या भाषेचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. एकदा त्याचं म्हणणं समजलं की ही भाषा म्हणजे पोर्तुगीज कपडे घातलेली मराठी चाल आहे हे जाणवतं.

अशी भाषा पूर्वी फक्त इथेच नव्हती. वसई, माहीम, वांद्रे, साष्टी, सगळीकडच्या ख्रिस्ती वस्त्यांत तिचे भाऊबंद होते. गोव्याचे फादर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. मुंबईतली ती बोली पुढे संपली. इंग्रजी आली, नोकऱ्या आल्या. दमणला एक बहीण उरलीय, आणि ही कोर्लईची. मुंबईतली का मेली आणि इथली का जगली? कारण इथे काहीच आलं नाही. ना इंग्रजी, ना नोकऱ्या, ना कित्येक वर्षं खाडीवर पूल. बाजूला पडलेपणामुळे ती टिकली. तिच्या जगण्याचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवायला हवं, त्या बाजूला पडलेपणाची किंमत माणसांनी भरलीय.

आता पूल आहे. शाळा मराठी, मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजी, नोकरी अलिबागला नाहीतर मुंबईला. तुमच्याच वयाची मुलं आहेत तिथे. आईशी नो लिंग बोलतात, मित्रांशी मराठी, आणि पुढे स्वतःच्या मुलांशी काय बोलायचं हे त्यांना ठरवायचंय. बाहेरून जाऊन 'भाषा जपा हं' असं सांगणं सोपं असतं. आपण स्वतः घरी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किती बोलतो ते आधी मोजू.

आणि हो, पोर्तुगीज फक्त कोर्लईच बोलते असं नाही. तुम्ही सकाळपासून बोलताय. महिनाअखेरीला ज्याची वाट बघता तो पगार. खिशातली चावी. वड्यासोबतचा पाव, आणि वड्यातला बटाटा. इमारतीच्या कामावरचं घमेलं, रिबनची फीत, लिलाव. हापूस तर आफोन्सोच आहे. कोर्लईच्या लोकांनी पोर्तुगीज शब्द घेऊन मराठी वाक्यं केली, आपणही तेच केलं. त्यांनी जरा जास्त घेतले, एवढाच फरक.

जायचं असेल तर अलिबागहून मुरूडची एसटी पकडा. रेवदंड्याला उतरून किल्ल्यातला सातखणी मनोरा बघा, आता चारच मजले उरलेत, पण वेलींमधून वर बघितलं की मान दुखते. मग पूल ओलांडून कोर्लई. किल्ल्यावर चढताना दमलात की मागे वळून खाडीकडे बघा. ओहोटी असेल तर पाण्यात खुंटांची रांग दिसते का ते शोधा. आणि खाली वस्तीत कोणी गप्पा मारत असेल, शब्द कळत नाहीत पण चाल ओळखीची वाटतेय असं झालं, तर तीच ती. फोन काढून लगेच रेकॉर्ड करू नका. आधी विचारा.

पुढच्या भागात घाट चढून जुन्नरला जाऊ, निकितीनच्या घोड्यामागून. तोपर्यंत, भेटूच.